लहान बहिणीले पहिली गाडी द्यायची हाय, सेकंडहँड, ३ लाखाच्या आत - कोणती घेऊ?

कपाशीवाला_दारव्हा :

राम राम मंडळी. लहान बहिणीले जुनी गाडी घेऊन द्यायची हाय, तिची पहिलीच. मले ट्रॅक्टर सोडून गाड्यातलं काही समजत नाही म्हणून इथं विचारून रायलो, हसू नोका.

बहीण सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी हाय, घाटंजी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. राहते पांढरकवड्याले रूम करून, जाणं-येणं मिळून रोजचे साठेक किलोमीटर होते. आता स्कुटीनं जाते. दिवसाचं काही वाटत नाही पण कधी पेशंट अडला, कधी कॅम्प लांबला का अंधार पडते अन् त्या रस्त्यानं रोही (नीलगाय) केव्हा आडवी येईल, डुकराचा कळप केव्हा निघंल काही भरवसा नाही, वरून टिपेश्वरचं जंगल जवळ, वाघाच्या गोष्टी तं रोजच्याच. आई ती रूमवर पोचल्याचा फोन आल्याबिगर जेवत नाही. पावसाळ्यात तं दोनदा मीच तिले घ्याले गेलतो.

सोयाबीन गेलं त्या साली घरचा किराणा तिच्या पगारावर चालला, कोणी बोललं नाही पण मले माहीत हाय. आता कापूस विकला, तूर निघाली का बाकीचे येतीन. बजेट ३ लाख, ओढून ताणून सव्वातीन. कर्ज काढायचं नाही, पीककर्जच डोक्यावर हाय. मे महिन्यात तिचं लग्न हाय, त्याच्या आधी सरप्राइज द्यायचा विचार हाय. म्हणजे आता माया नावावर घेऊन टाकतो अन् मंग तिच्या हातात चाबी देतो.

चार गाड्या पाहून ठेवल्या. एक आमच्या गावातल्या रिटायर गुरुजींची वॅगन आर एलएक्सआय, २०१६ ची, ४८ हजार चाललेली, पहिलाच मालक, ३ लाख १० म्हणतात पण गावातला माणूस हाय तं कमी-जास्त होईल. दुसरी अमरावतीच्या गाडी बाजारात टियागो एक्सझेड, नोव्हेंबर २०१९, सेकंड ओनर, ६२ हजार, सव्वातीन लाख. तिसरी यवतमाळच्या एका नोकरदाराची अल्टो ८०० एलएक्सआय, २०२० ची, ३१ हजार, २ लाख ७० हजार, आरसीवर बँकेचा बोजा हाय. अन् चौथी नागपूरले स्विफ्ट डिझेल, २०१६ ची, दिल्ली पासिंग, २ लाख १० हजार फक्त. गाडी तं अशी चमकते का नवीनच वाटते. माया मित्र म्हणते तीच घे. काय करू?


स्पॅनर_दिग्रस :

भाऊ, चमकते म्हणूनच तिले हात लावू नोका. पॉलिश कराले काय लागते. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालू देत नव्हते, एनजीटीचा म्हणजे हरित लवादाचा २०१५ चा आदेश होता अन् सुप्रीम कोर्टानं २०१८ मधी तो कायम केला, २०२५ मधी कारवाई सैल केली तरी धास्तीनं तिकडचा माणूस वर्षं भरत आली का गाडी मिळंल त्या भावात काढते अन् दलाल लोक ती इकडं आणते. स्विफ्टचं ते डिझेल इंजिन चांगलं हाय, मी नाव ठेवत नाही, पण इंजेक्टर नाही तं टर्बो गेला तं एका झटक्यात तुमच्या बहिणीचा महिन्याचा पगार गेला समजा. रोज साठ किलोमीटरसाठी डिझेल कशाले पाह्यजे.

आता बाकीच्या तीन. गुरुजींची वॅगन आर मशीन म्हणून एक नंबर. के सिरीजचं इंजिन, टायमिंग चेन हाय, पट्टा बदलायची भानगड नाही, पार्ट आर्णी घाटंजी कोठंही भेटते, अन् बसाले उंच. पण एक गोष्ट पाहा, २०१६ ची एलएक्सआय हाय, तिच्यात बहुतेक एअरबॅगही नसंल अन् एबीएसही नसंल, तवा ते ऑप्शनल होतं. तुम्हीच म्हणता का रोही आडवी येते. रोही आली अन् पोरीनं घाबरून ब्रेक दाबला का बिगर एबीएसची गाडी चाक जाम होऊन सरळ घसरत जाते, स्टिअरिंग फिरवून उपयोग नसते. त्याच्यानं मी सगळ्याइले एकच सांगतो, जुनी घ्या पण जुलै २०१९ नंतरची घ्या. एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारले कंपल्सरी झालं अन् ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. म्हणजे मंग मॉडेल कोणतंही असो, एवढं तं भेटतेच. अल्टोमधी कंपनीनं एप्रिल २०१९ लेच दोन्ही टाकलं होतं.

अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसी, त्याले टायमिंग बेल्ट हाय. ३१ हजारात बदलायची गरज नाही पण रबर वयानंही जाते, म्हणून मेकॅनिकले दाखवून घ्या. चढावर एसी लावला का जराशी दमते, बाकी पोरीले शिकाले याच्यापेक्षा सोपी गाडी नाही. टियागो तिघीत दणकट, गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं जानेवारी २०२० मधी टियागोले ४ स्टार देले होते. पण सर्विसले यवतमाळले जा लागंल हे धरून चाला.

पाह्याले जाल तं सकाळी जा अन् मालकाले आधीच सांगून ठेवा का गाडी चालू करून ठेवू नोका. बोनेटले हात लावून पाहा, गरम असंल तं त्यानं चालू करून ठेवली होती अन् कशाले ठेवली होती ते विचारा. थंडी गाडी चालू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. ऑइलचं झाकण खोलून आतून पाहा, चहाच्या सायीवानी पांढरं जमलं असंल तं हेड गॅस्केटची शंका घ्या. कूलंटची टाकी पाहा. आपल्याकडं निम्म्या गाड्यात साधं बोअरचं पाणी टाकलेलं असते अन् मंग रेडिएटर आतून सडते, ते हिवाळ्यात समजत नाही, मे महिन्यात ४५ च्या उन्हात रस्त्यावर उभी रायली का समजते. म्हणून एसी दुपारी लावून गाडी उभी ठेवून पंधरा-वीस मिनिटं तशीच चालू ठेवा, काटा वर जाते का अन् हवा गरम होते का पाहा. दलाल घाई करंल, करू द्या.

पायाखालच्या पेडलचं रबर पाहा, बैल घेताना दात पाह्यतो तसं. मीटर मागं घेणं पाच मिनिटाचं काम हाय, पण ३०-३५ हजार दाखवणाऱ्या गाडीचं क्लचचं रबर गुळगुळीत असंल तं मीटर खोटं बोलते. बोनेटच्या अन् फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याचे वण हायेत का, दरवाजाचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे टिपके एकसारखे हायेत का, हे पाहा. टायरवर चार आकडे असते, ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. गोटे चांगले दिसले तरी सहा-सात वर्षाचं टायर कडक झालेलं असते.

अन् नागपूरची कोणतीही गाडी असो, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. २३ सप्टेंबर २०२३ चा नागपूरचा पूर लक्षात असंल, अंबाझरीच्या खालच्या वस्त्यात गाड्या बुडल्या होत्या, त्या कोठी ना कोठी विकल्या गेल्याच असतीन. बेल्टच्या शेवटच्या टोकाले गाळाची रेघ, सीटखालच्या पट्ट्याले गंज, चटईखाली वास, हे झाकत नाही. गावातली उभी गाडी असंल तं वायरिंग उंदरानं खाल्लं का तेही पाहा. गुरुजींची गाडी जास्त उभीच असंल, म्हणून म्हटलं.

भाव म्हणाल तं गुरुजीले ३ लाख १० जास्त होते. अडीचच्या वर जाऊ नोका.


सध्या_पुण्यात :

मूळ गाव पुसदकडचं, राहतो पुण्यात. दादा, एक विचार करा, जुनीच कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मारुतीने एस-प्रेसोची सुरुवात ३ लाख ४९ हजार ९०० आणि अल्टो के१० ची ३ लाख ६९ हजार ९०० अशी जाहीर केली होती, एक्स शोरूम. सहा वर्षं जुन्या टियागोला सव्वातीन लाख देण्यापेक्षा थोडे अजून टाकून कोरी गाडी, वॉरंटी, पहिला मालक, मीटरची कटकट नाही. के१० मध्ये तर आता सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आहेत.

आणि ही नवी किंमत कमी झाली तरी गाडी बाजारवाले अजून जुनेच भाव धरून बसलेत. निदान तेवढं बोलून भाव पाडा.


स्पॅनर_दिग्रस :

पुणेकर भाऊ, भाव पाडायचं बोलले ते बरोबर, अमरावतीवाल्याले तेच ऐकवा. पण एक्स शोरूम अन् दारात यात फरक हाय. ११ टक्के रोड टॅक्स, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन धरलं का त्याइची स्वस्तातली गाडीही ४ लाखाच्या वर जाते अन् हा माणूस म्हणून रायला का कर्ज काढायचं नाही. एस-प्रेसोची इथं बनलेली गाडी ग्लोबल एनकॅपनं २०२० मधी आपटली तं शून्य स्टार आले होते, बहिणीले द्यायची हाय म्हणून सांगतो. के१० ची गोष्ट वेगळी, पण बेस मॉडेलमधी काय काय भेटत नाही ते शोरूममधी आधी विचारा. अन् शिकाऊ पोरगी पहिल्या सहा महिन्यात गाडी कोठी ना कोठी घासतेच, कोरी गाडी घासली का घरभर दुखते.


आर्वीची_बाई :

मी झेडपी शाळेवर आहे, स्वतः गाडी चालवते, म्हणून दोन गोष्टी बोलते, राग मानू नका दादा.

सगळे इंजिन आणि एअरबॅग बोलून राहिले, पण तिला गाडी चालवता येते का हे कोणीच विचारलं नाही. लायसन आहे का? स्कुटीचं असेल, कारचं वेगळं लागते. लर्निंग काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते आणि लर्निंग सहा महिने चालते. म्हणजे मेच्या लग्नाआधी तिनं चालवावी असं वाटत असेल तर लर्निंग आत्ताच काढायला पाहिजे, आणि ते काढलं की तुमचं सरप्राइज संपलं. संपू द्या ना. माझ्या भावानं मला न विचारता गाडी आणली असती तर मी त्याला प्रेमानंच पण बोलले असते, कारण अंधारात त्या सीटवर मी बसणार, तो नाही. सीट पुढं घेतल्यावर क्लच पूर्ण दाबता येतो का, बोनेटची कड दिसते का, हे तिचं तिलाच बसून पाहावं लागेल. मला उंच गाडीशिवाय जमतच नाही, माझ्या मैत्रिणीला अल्टोच आवडते.

दुसरं खर्चाचं. गाडी तुम्ही देणार, पेट्रोल ती भरणार. साठ किलोमीटर रोज म्हणजे महिन्याला दीड हजार किलोमीटर धरा, वीसचं मायलेज पकडलं तर ७५ लिटर, १०५ च्या भावानं पावणेआठ हजाराच्या वर. स्कुटीला याच्या निम्म्यात होत असेल. सीएचओची नोकरी कंत्राटी, बदललं ठिकाण तर अंतरही बदलेल. म्हणून ती रोज गाडी नेईल असं समजू नका, पावसात, कॅम्पच्या दिवशी, रात्रीच्या कॉलला नेईल, बाकी दिवस स्कुटी. तसं असेल तर तीन लाख पूर्ण गाडीतच घालायची गरज नाही, पंचेचाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवा, टायर, बॅटरी, सर्विसिंग, विमा यातच जातात.

आता तिसरी गोष्ट, जरा नाजूक आहे. लग्नाच्या तोंडावर गाडी देताय. सासरच्यांनी मागितली का? मागितली असेल तर ते हुंडाच आहे, १९६१ पासून गुन्हा आहे, आणि मग हा धागाच वेगळा होतो. मागितली नसेल, तुमच्या मनानं देताय, तर लग्नाच्या देण्याघेण्यात ती घालू नका. मांडवासमोर फुलं लावून उभी करू नका. आमच्या नात्यात असंच झालं, गाडी मुलीसाठी दिली आणि सहा महिन्यांत ती जावयाची झाली, मुलगी परत एसटीनं. त्यांच्या घरी कोणी वाईट नव्हते, पण मांडवात चाबी ज्याच्या हातात पडते त्याची गाडी असंच लोक समजतात. तिच्या नावावर, लग्नाआधी, साध्या दिवशी द्या. आरसी तिची, विमा तिचा, दुसरी चाबी तिच्याजवळ. लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी ठेवायचा नियमही आहे १९८५ चा, वधूला काय दिलं ते लिहून दोघांच्या सह्या. कोणी करत नाही, पण तुम्ही करा.


कपाशीवाला_दारव्हा :

ताई, राग कशाचा. नाही हो, त्याइनं काहीच मागितलं नाही, पोरगा चांगला हाय, बँकेत हाय. पण तुम्ही म्हणता तसा मांडवाचा विचार मी केलाच होता, माया मित्रानं तं फुगे लावायचं ठरवूनच ठेवलं होतं. ते आता बंद.

लायसन तिच्यापाशी स्कुटीचंच हाय.

एक विचारतो, माया नावावर घेऊन मंग तिच्या नावावर केली तं काही बिघडते का? म्हणजे गुरुजी म्हणत होते का नाव बदलायची घाई नको, टीटी फॉर्मवर सही करून देतो, पाहिजे तवा करा.


सेतूवाला_आर्णी :

बिघडते भाऊ. तुमच्या नावावर आली का तुम्ही सेकंड ओनर, मंग बहिणीच्या नावावर गेली का ती थर्ड. तीन-चार वर्षानं तिले विकायची झाली का बाजारात पहिला प्रश्न तोच, कितवा मालक. भाव पडते फुकटचा. फी दोनदा, धावपळ दोनदा. सरळ विकणाऱ्याकडून बहिणीच्या नावावरच करा, पैसे तुमच्या खात्यातून गेले तरी चालते, फक्त रोख देऊ नोका, बँकेतून द्या अन् विक्रीच्या कागदावर लिहून घ्या.

त्याच्यासाठी फॉर्म २९ अन् फॉर्म ३० लागते. २९ वर विकणाऱ्याची सही, ३० वर दोघांची, म्हणजे तुमच्या बहिणीची सही लागणारच, तिचा आधार, पॅन, फोटो लागणार, मोबाईलवर ओटीपी येणार. तुमचं सरप्राइज ओटीपीनंच फोडलं असतं.

अन् कोऱ्या सहीचा टीटी फॉर्म घेऊन फिरू नोका. विकणाऱ्यानं १४ दिवसात कळवायचं असते, घेणाऱ्यानं ३० दिवसात. गुरुजीलेही सांगा, हे त्याइच्याच फायद्याचं हाय. सुप्रीम कोर्टानं २०१८ मधी स्पष्ट सांगितलं का आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, गाडी विकली म्हणून सुटका नाही. हे वाचून दाखवलं का गुरुजी स्वतःच घाई करतीन.

इन्शुरन्सचं लोक विसरतात. थर्ड पार्टी तं गाडीसोबत जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर नाही केला अन् पंधराव्या दिवशी कोणी ठोकली तं कंपनी हात वर करते. १४ दिवसात पॉलिसी बदलून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुमच्या बहिणीले भेटत नाही, तो माणसाचा असते, गाडीचा नाही, म्हणून बदलताना फरकाचे पैसे भरा लागते. थर्ड पार्टीचा २०२२ मधी ठरलेला दर १००० सीसीच्या आत २०९४ अन् १००० ते १५०० सीसी ३४१६, वर जीएसटी असंल ते. म्हणजे अल्टो वॅगन आर खालच्यात, टियागो ११९९ सीसी हाय तं वरच्यात.

अल्टोवर बोजा हाय म्हणता. मालकाले सांगा का आधी बँकेची एनओसी अन् फॉर्म ३५ आण, मंग पैसे. तो म्हणंल तुमच्याच पैशातून कर्ज फेडतो, चालते, पण ते पैसे त्याच्या हातात नाही, सोबत बँकेत जाऊन सरळ कर्ज खात्यात भरा अन् तिथूनच पावती घ्या. इसार पाच-दहा हजारापेक्षा जास्त देऊ नोका.

एमपरिवहन अॅपवर नंबर टाका, मालकाचा नंबर कितवा, पासिंग केव्हाची, विमा, पीयूसी, बोजा सगळं दिसते. ई-चलान वेगळं पाहा. आपल्या लोकाइले वाटते आपण कोठी चलान भरतो, पण नागपूर-अमरावती फिरलेल्या गाडीवर पाच-सात हजाराचे चलान बसलेले मी पाह्यले. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असंल तं एचएसआरपी (सरकारी सुरक्षेची) नंबर प्लेट लागली का पाहा, गुरुजींच्या गाडीले लागंल.

अन् ते दिल्लीवालं. बाहेर राज्यातली गाडी म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इथं यवतमाळच्या एमएच २९ ले पुन्हा रोड टॅक्स, गाडी उभी करून तपासणी. दलाल म्हणंल मी करून देतो. मायाकडं असे लोक फाईल घेऊन येतात, गाडी चालवून रायले अन् नंबर अजून डीएलच.


वऱ्हाडी_ठेचा :

सगळं वाचलं. आता मलेच गाडी घ्यायची इच्छा झाली, पण बायको म्हणते आधी मोटारपंप.


कपाशीवाला_दारव्हा :

मंडळी, लय आभार. सगळं तुमच्या सांगण्यावरून केलं.

बहिणीले सांगून टाकलं. आधी म्हणे दादा कशाले, तुया पीककर्जाचं काय. मंग दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून विचारते कोणता रंग हाय. रविवारी तिले घेऊन गेलतो. वॅगन आर तिले बसाले सगळ्यात आवडली खरं सांगतो, पण मी एबीएसचं सांगितलं तं तीच म्हणे मंग नको, मी दवाखान्यात रस्त्यावर घसरलेले पेशंट पाह्यते. गुरुजीले वाईट वाटलं जरासं, पण त्याइच्या गाडीत खरंच मागच्या सीटखाली उंदराचं घरटं निघालं.

अमरावतीची टियागो मले मनापासून घ्यायची होती. पण मी म्हटलं का आमचा मेकॅनिक खड्ड्यावर घेऊन खालून पाह्यते तं बाजारवाला तयारच होईना, म्हणे इथंच पाहा, पाच गिऱ्हाईक लाइनीत हायेत. इन्शुरन्सचा जुना क्लेम विचारला तं विषय बदलला. सोडून देली.

म्हणून अल्टो ठरली. यवतमाळच्या भाऊचा स्वभाव चांगला, सकाळी थंडी गाडी दाखवली, सर्विसचे सगळे बिल फाईलमधी लावलेले. क्लचचं रबर तसंच खरखरीत. २ लाख ७० वरून २ लाख ४५ वर आला, नवीन गाडीचे भाव सांगितले तवा. टायर मात्र चारही २०२० चेच हायेत, म्हणजे बदला लागतीन. एसी अर्धा तास लावून ठेवला, हवा थंड होती, पण आता थंडीच हाय तं मेमधी काय होते माहीत नाही. सोमवारी बँकेत जातो त्याच्यासोबत. नाव डायरेक्ट बहिणीचं. तिनं लर्निंगही भरलं.

आता एकच रायलं. पांढरकवड्याले गाडी शिकवणारा क्लास हाय पण तिचं म्हणणं का ड्युटी सुटल्यावर संध्याकाळीच वेळ भेटते अन् क्लासवाले संध्याकाळी शिकवत नाहीत. मी ट्रॅक्टर चालवतो म्हणून मीच शिकवू का? अन् टायर कोणते टाकू, रोडपासून उपकेंद्रापर्यंत दीडेक किलोमीटर पांदण हाय, काळी माती.


स्पॅनर_दिग्रस :

कंपनीच्या मापाचंच टायर टाका, जाडं टाकू नोका, मायलेज जाते अन् स्टिअरिंग जड होते. त्या अल्टोले पॉवर स्टिअरिंग हाय ना पाहून घ्या. चारही एकदम टाका. पावसाळ्यात त्या पांदणीत ती काय कोणतीही छोटी गाडी फसंल, तवा डांबरी रोडवर लावून पायी जायचं, हे तिले आत्ताच सांगून ठेवा.

शिकवायचं तुम्ही नोका. ट्रॅक्टरवाला अर्ध्या क्लचवर पाय ठेवूनच चालवते, तीच सवय तिले लागंल अन् क्लच प्लेट लवकर जाईल. रविवारचा क्लास विचारा.


आर्वीची_बाई :

आणि दादा, स्वतःच शिकवायला बसलात तर भांडण होईल, हे मी अनुभवानं सांगते. पांढरकवड्यात तिच्या दवाखान्यातल्या कोणी सिस्टर गाडी चालवत असतील तर त्यांना विचारायला सांगा, क्लासवाल्याला दोन मुली मिळून संध्याकाळची वेळ मागितली तर तो बहुतेक तयार होतो. अंधारात चालवायचा सरावही त्याच वेळी होईल, तिला गाडी अंधारासाठीच तर पाहिजे.